पांझरेचे पात्र आणि विश्वेश्वरय्यांचा जोखमीचा हिशेब

पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांतून निघणारी पांझरा साक्री आणि धुळे ओलांडून उत्तरेकडे वळते व मुडावदजवळ तापीला मिळते. वर्षाचे बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच अधिक दिसते. मात्र पावसाळ्यात ती किती वेगाने चढेल, याचा भरवसा तिच्या काठावरचा शेतकरीही देत नाही. सप्टेंबर १८७२ मध्ये तिला आलेल्या पुराने धुळे शहरातील शेकडो घरे वाहून नेली. या घटनेनंतर एका तपाने मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील एक नवखा सहायक अभियंता याच नदीच्या एका प्रवाहाखालून नळ टाकण्यासाठी खानदेशात दाखल झाला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागराचे निर्माते आणि भारतरत्न म्हणून साऱ्या देशाला परिचित झालेल्या या पुरुषाच्या कारकिर्दीचा आरंभ धुळ्याच्या परिसरात झाला, ही गोष्ट खानदेशाबाहेर फारशी कोणाच्या स्मरणात नसते.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबरचा. वर्ष काही ठिकाणी १८६० तर काही ठिकाणी १८६१ असे दिले जाते. गाव म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी. वडील संस्कृतचे पंडित होते, पण त्यांचे छत्र लवकर हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या करून त्यांनी खर्च भागविला. पदवीनंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आले आणि १८८३ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. या यशामुळे मुंबई सरकारच्या सेवेत थेट नेमणूक मिळाली. १८८४ च्या आरंभी ते नाशिकला रुजू झाले आणि अल्पावधीतच त्यांची रवानगी खानदेशात झाली.

त्या वेळी खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता. आजचे धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तिन्ही त्यात सामावलेले होते आणि कारभार धुळ्यातून चाले. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी विभागणी १९०६ मध्ये झाली. गिरणेवरील जामद्याचा बंधारा, पारोळ्याजवळील म्हसव्याचा तलाव आणि पांझरेवरील पाट अशी सिंचनाची सरकारी कामे या जिल्ह्यात होती. विश्वेश्वरय्यांकडे आलेले काम धुळे-साक्री मार्गावरील कुसुंब्याच्या जवळ, दातर्ती गावी होते. पाटाचे पाणी प्रवाहाच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर न्यायचे, पण त्यासाठी वरून पूल किंवा कमानी न उभारता पात्राखालून नळ टाकायचा, अशी ती योजना. अभियांत्रिकीच्या भाषेत याला सायफन म्हणतात. एका तीरावर पाणी नळात उतरते, पात्राखालून जाते आणि पलीकडच्या तीरावर किंचित कमी उंचीवर आपोआप वर येते. पाण्याला वर ढकलणारे कोणतेही यंत्र लागत नाही; दोन्ही टोकांच्या पातळीतील फरक हे काम करतो.

तत्त्व सोपे असले तरी बांधणी सोपी नव्हती. नळ पात्राखाली पक्क्या आधारावर बसला पाहिजे. पुराच्या वेळी वाळूचा थर जागा सोडतो. त्या थरावर टेकलेला नळ उघडा पडून खचतो, सांधे निखळतात आणि मग पाटाचे पाणी नदीला मिळते. म्हणून वाळू उपसून खालचा खडक उघडा करावा लागतो. पावसाळा तोंडावर आला असताना हा खड्डा उघडा ठेवणे म्हणजे दर पुरागणिक तो पुन्हा भरून घेणे. झालेही तसेच. पाऊस सुरू झाला, प्रवाहाबरोबर वाळू आणि गाळ येऊन बसू लागला. विशी नुकतीच ओलांडलेल्या या अभियंत्याने वरिष्ठांना कळविले की हे काम पावसाळ्यानंतर हाती घ्यावे.

कार्यकारी अभियंत्यांना ही विनंती रुचली नाही. नव्या अधिकाऱ्याला कामाचा उत्साह नाही, असा अर्थ त्यांनी काढला आणि नापसंती कळविली. नोकरीच्या पहिल्याच वर्षात वरिष्ठांची नाराजी ओढवणे ही त्या काळातील भारतीय अधिकाऱ्याच्या दृष्टीने साधी बाब नव्हती. विश्वेश्वरय्यांनी वाद वाढविला नाही. पुराशी आणि वाळूशी झुंज देत त्यांनी सायफन पूर्ण केला, आणि नंतर त्याच वरिष्ठांनी त्यांच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केले.

ही हकीकत बहुधा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. त्यात जिद्द आहे, हे खरेच. पण काम पार पडले म्हणून आधी दिलेला इशारा चुकीचा ठरत नाही. धोका होता, तो वेळेवर ओळखला गेला होता आणि लेखी कळविला गेला होता; तो कळविणाऱ्यावरच ठपका आला, एवढाच त्या प्रसंगाचा गाभा. आजच्या सॉफ्टवेअर उद्योगातील कोणत्याही प्रकल्प व्यवस्थापकाला हा गाभा ओळखीचा वाटेल. धुळे-जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पुण्याच्या हिंजवडीत गेलेल्या तरुणांच्या संगणकावर ‘रिस्क रजिस्टर’ नावाचा एक तक्ता असतो. कोठे तो साध्या एक्सेलमध्ये ठेवलेला असतो, कोठे जिरासारख्या साधनात. एकेका ओळीत एकेक धोका लिहायचा. तो घडण्याची शक्यता किती, घडल्यास नुकसान किती, तो जवळ येत असल्याची खूण कोणती, त्यावर उपाय काय, त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाची आणि फेरतपासणी केव्हा, हे पुढच्या रकान्यांत भरायचे. शक्यता आणि नुकसान यांचा गुणाकार करून ओळीला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग मिळतो. दातर्तीचे पत्र या तक्त्यात सहज बसते. धोका: पायात वाळू भरणे. शक्यता: मोठी. खूण: वरच्या डोंगरांतील पाऊस. उपाय: काम चार महिने लांबविणे. निर्णय: अमान्य. ओळ लाल केल्याबद्दल लिहिणाऱ्याचे काय होते, यासाठी मात्र कोणत्याच साधनात रकाना नसतो. एकदा ठपका बसला की पुढच्या आठवड्यापासून तक्त्यातील ओळी आपोआप हिरव्या होऊ लागतात. दातर्तीनंतर विश्वेश्वरय्यांनी इशारे देणे थांबविले नाही. त्यांनी इशाऱ्याच्या मागे आकडे उभे करण्यास सुरुवात केली, असे त्यांच्या पुढील कामांवरून दिसते.

पांझरेच्या खोऱ्यात जोखमीचा आणखी एक, फार जुना हिशेब त्यांच्या आसपास नांदत होता. तो म्हणजे फड पद्धत. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर लहान लहान बंधारे बांधून गावाने पाटाचे पाणी वापरायचे. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात कोणते पीक, हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचे आणि दरवर्षी ते फिरवायचे. पाटकरी, जागल्या, हवालदार यांच्याकडे पाण्याची वाटणी आणि राखण. साधारणतः एका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवावा लागला तरी एकाच कुटुंबावर सगळी आपत्ती कोसळत नसे. या व्यवस्थेला ना कागद लागत होता ना साहेबाची सही.

पुढे १८९९ मध्ये विश्वेश्वरय्या पुण्यात सिंचनाचे कार्यकारी अभियंता झाले तेव्हा नीरा कालव्यावर त्यांनी गट पद्धत आणली. कालव्याच्या पाण्यावर विखुरलेली, मनाला येईल तशी पिके घेण्याऐवजी जमिनीचे गट पाडायचे, ऊस थोड्या भागातच लावायचा आणि पिकांची फेरपालट करायची, असे तिचे स्वरूप होते. आपले पाणी जाणार या भीतीने शेतकऱ्यांनी आरंभी विरोध केला. पांझरेकाठचा फड ज्याने पाहिला आहे, त्याला या दोन व्यवस्थांचे नाते सांगावे लागत नाही.

तत्पूर्वी १८९४ च्या सुमारास त्यांना सिंधमधील सक्करला पाठविण्यात आले होते. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्याची मोठी यंत्रणा उभारण्याइतके पैसे नगरपालिकेकडे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणून वाळूच्या थरांतून आपोआप गाळून येणारे पाणी घेतले. ज्या वाळूने पांझरेत काम अडविले होते, तिलाच येथे कामाला लावले.

पुण्याजवळ खडकवासल्याला प्रश्न वेगळा होता. धरण भरल्यानंतर सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच कमी पडे. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे, आणि जुन्या भिंतीवर जादा भार टाकणे धोक्याचे. सांडव्यावर साध्या झडपा बसविल्या तर मध्यरात्री पूर आल्यावर त्या उघडणार कोण, हा प्रश्न उरतोच. पहारेकरी झोपला, रस्ता बंद झाला किंवा निरोप पोहोचला नाही, तर धरणालाच धोका. विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजांची रचना केली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की तोलाच्या योगाने दरवाजे स्वतःच उघडत आणि पातळी उतरली की मिटत. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हे दरवाजे बसले आणि भिंत न वाढविता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. धोक्याची खूण दिसणे आणि उपाय होणे यांच्या मधला माणूस त्यांनी काढून टाकला होता. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले, परंतु सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन घेणे त्यांना योग्य वाटले नाही.

१९०८ मध्ये ते मुंबई सरकारच्या सेवेतून बाहेर पडले. अनेक ज्येष्ठांना मागे टाकून ते वर आले होते आणि त्यापुढची पायरी भारतीयाला मिळण्याची शक्यता त्या काळी नव्हतीच. ते युरोपच्या प्रवासात असतानाच २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे दगावली, नदीकाठची वस्ती पुसली गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले.

हैदराबादचे काम हा त्यांच्या पद्धतीचा सर्वांत स्वच्छ नमुना मानावा लागेल. पूर ही दैवी आपत्ती मानून नदीकाठी भिंती बांधणे हा सोपा मार्ग होता. त्यांनी आधी पूर मोजला. पर्जन्यमापकांच्या नोंदी गोळा केल्या, शेजारच्या प्रदेशांतील अतिवृष्टीचे आकडे मागविले, पुराच्या खुणांवरून पाण्याची उंची आणि वेग काढला. शहराच्या वरच्या पाणलोट क्षेत्रात ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले होते. म्हणजे शहरावर आलेले पाणी केवळ आभाळातून आलेले नव्हते. वर्षानुवर्षे देखभालीवाचून राहिलेल्या मातीच्या बांधांनी एकामागून एक दम तोडला, तेव्हा खालच्या तलावावर वरच्याचा भार पडत गेला. पुराचा सर्वोच्च विसर्ग सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट होता, असा त्यांचा हिशेब निघाला. पुन्हा असा पाऊस झाला तर किती पाणी येईल आणि शहरातून किती पाणी सुखरूप जाऊ शकेल, या दोन आकड्यांतील अंतर कोठे तरी अडवून ठेवले पाहिजे. त्यातून मुसी आणि ईसी या नद्यांवर शहराच्या वर दोन जलाशयांची योजना पुढे आली. त्यांचा अहवाल १९०९ मध्ये सादर झाला. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. बांधकाम इतरांनी केले. शक्यतेच्या रकान्यात ‘मोठी’, ‘मध्यम’ असे अंदाजाने लिहून मोकळे होणाऱ्यांनी हा अहवाल एकदा तरी वाचावा.

नोव्हेंबर १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले. संस्थानाच्या ऐपतीच्या मानाने हा खर्च प्रचंड होता आणि अर्थखात्याला तो झेपेल असे वाटत नव्हते. खालच्या बाजूस मद्रास इलाख्याला कावेरीचे आपले पाणी घटण्याची धास्ती होती. पहिल्या टप्प्यात धरण कमी उंचीचेच बांधण्यास परवानगी मिळाली, तरी विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र अंतिम उंचीला पेलेल एवढा रुंद धरला. पैसा आणि परवानगी यांची अनिश्चितता त्यांनी अशा रीतीने पायातच सामावून घेतली. याच रुंद पायामुळे मद्रासचा संशय बळावला आणि तंटा लवादापर्यंत गेला. तो १९२४ च्या करारापर्यंत धुमसत राहिला. अभियंत्याची दूरदृष्टी शेजाऱ्याला कावा वाटू शकते, हा धोका त्यांच्या हिशेबात कितपत होता, हे विचारण्याजोगे आहे.

बांधकामाचे वेळापत्रकही पावसाळ्याभोवतीच आखले गेले. शिवसमुद्रमहून कोलारच्या सोन्याच्या खाणींना १९०२ पासून वीज जात होती आणि उन्हाळ्यात कावेरी आटली की तिच्यात खंड पडे. खाणींना पुरेशी वीज देण्याची मुदत १९१५ च्या पावसाळ्यापर्यंत होती. त्याआधी पाणी अडण्याइतकी भिंत उभी राहिली नाही तर संस्थानाचे उत्पन्न आणि शब्द दोन्ही बुडणार होते. हजारो मजूर लावून रात्रीही दिव्यांच्या उजेडात काम चालविण्यात आले आणि मुदत पाळली गेली. दातर्तीला पावसाळा टाळण्याची मुभा त्यांना मिळाली नव्हती; येथे तारखा त्यांच्या हाती होत्या. संपूर्ण धरण तयार व्हायला मात्र १९३० चे दशक उजाडले.

डिसेंबर १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत राखीव जागा देण्याचे धोरण त्यांना मान्य नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच जे पाऊल उचलले होते, ते उचलण्याची विश्वेश्वरय्यांची तयारी नव्हती. पाणी, पैसा आणि वेळ यांचा काटेकोर हिशेब ठेवणारा हा माणूस समाजातील साठून राहिलेल्या असंतोषाचे माप घेण्यात कमी पडला, असे म्हणणे भाग आहे.

नंतरच्या वर्षांत भद्रावतीच्या पोलाद कारखान्याची धुरा, टाटा पोलाद कंपनीचे संचालकपद, १९३४ मधील नियोजित अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ अशी कामे झाली. मराठी वाचकाच्या जवळचे काम मात्र मुंबईतील बॅक बे चौकशी समितीचे. समुद्र हटवून जमीन मिळविण्याची ही सरकारी योजना १९२० नंतर गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत मोठ्या डामडौलाने सुरू झाली. ११४५ एकर जमीन मिळणार होती. प्रत्यक्षात गाळ उपसणाऱ्या यंत्राचे काम गृहीत धरल्यापेक्षा फारच कमी निघाले; समुद्रातील भिंत पाझरू लागली आणि आत टाकलेला गाळ वाहून जाऊ लागला. खर्च फुगत गेला, खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणले आणि १९२६ मध्ये नेमलेल्या समितीत विश्वेश्वरय्यांना घेण्यात आले. अखेरीस सुमारे ४४० एकरांवर योजना थांबली. तेथे अंदाजपत्रके होती, आराखडे होते, सल्लागार होते. यंत्र रोज किती गाळ काढील, हे आरंभी धरलेले एक गृहीतक प्रत्यक्ष आकड्यांशी वेळेवर ताडून पाहिले गेले असते, तर पहिल्याच हंगामात धोक्याची ओळ लाल झाली असती. फेरतपासणीची तारीख उलटून गेलेले तक्ते आजच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतही याच अवस्थेत आढळतात.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. नव्वदी ओलांडल्यानंतरही बिहारमध्ये मोकामा येथे गंगेवर पूल कोठे बांधावा याची पाहणी करायला ते जातीने गेले होते.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले. ते पुरते बांधून झालेले नव्हते. तरीही त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठविण्यात आले होते. पाणी सोडण्याच्या मार्गाची कामे अपुरी होती, त्यावरचा मातीचा भराव खचत गेला आणि लोंढ्याखाली खडकवासल्याचे जुने धरणही त्याच दिवशी फुटले. पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. पावसाळा तोंडावर असताना अपुरे काम पुढे रेटायचे की थांबायचे, हा पांझरेच्या काठावरचाच प्रश्न होता. फक्त या वेळी खाली एक मोठे शहर वसलेले होते. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर बंगळूरला राहत होते. त्यानंतर नऊ महिन्यांनी, एप्रिल १९६२ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी मुद्देनहळ्ळीला आहे.